पहिली डोंगरी सायकल कशी घ्यावी?



या गोदाकाठच्या पटांगणावर आम्ही गेली तीस वर्षे दर मे महिन्यात येत आहोत. पण आजवर आमची जागा तुमच्यात, समोर, सतरंजीवर असे. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर आणि या पटांगणावर बसून झाले. तेव्हा आज या बाजूला उभे राहताना थोडे चुकल्यासारखे वाटते, हे आरंभीच कबूल करतो.

आमचे नाव व्याख्यात्यांच्या यादीत आले तेव्हा चालकांची साहजिकच अपेक्षा होती की, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांवर आम्ही बोलू. आम्ही विषय कळवला तो 'पहिली डोंगरी सायकल कशी घ्यावी' हा. चालकांनी फोन करून विचारले, "ही थट्टा तर नाही ना?" थट्टा नाही. तास-दीड तासात हा विषय आमच्याकडे कसा आला ते सांगतो, आणि मग तो थट्टेचा आहे की नाही हे तुम्हीच ठरवा.

डोंगरी सायकल म्हणजे इंग्रजीत जिला माउंटन बाइक म्हणतात, दुकानात जिला 'एमटीबी' म्हणतात, ती. जाड, खाचदार टायर, सरळ आडवा हँडल, बहुतेक वेळा पुढच्या चिमट्यात स्प्रिंग आणि हाताशी गिअर. आज कोणत्याही सायकलच्या दुकानात जा, निम्म्याहून जास्त जागा याच सायकलींनी अडवलेली दिसेल. आमच्या लहानपणी काळी, बावीस इंची, दांड्याची सायकल होती. दांड्याखालून पाय घालून आम्ही ती शिकलो. त्या सायकलीवर डबा लटके, मागे बायको बसे, पुढच्या दांड्यावर पोर बसे. ती कामावर जाण्याची सायकल होती. ही नवी सायकल मुख्यतः कामावर जाण्यासाठी निघालेलीच नाही. ती सुट्टीची आहे.

आणि सुट्टी म्हटली की तो आमचा विषय झाला. कारण कामगाराला सुट्टी आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतून माणसे आठवड्याचे सातही दिवस राबत होती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून सभा घेतल्या, कामगारांच्या सह्यांचे अर्ज सरकारकडे धाडले, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा असा मागून, भांडून मिळवलेला दिवस आहे. त्या दिवशी कामगाराने काय करावे हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण एखाद्या पोराला त्या दिवशी डोंगराच्या वाटेला लागावेसे वाटले, तर 'हे श्रीमंतांचे चोचले' असे म्हणण्याचा अधिकार तर कोणालाच नाही.

असा एक पोरगा आमच्याकडे आला. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, वय तेवीस. दिवाळीच्या बोनसचे पैसे हातात होते. म्हणाला, "अण्णा, सायकल घ्यायची आहे. गिअरची, डोंगरावर चालणारी. तुम्ही चला बरोबर, तुम्हाला भाव करता येतो."

भाव करता येतो, हे ऐकून आम्हाला किती बरे वाटले म्हणून सांगू! तीस वर्षे आम्ही तेच तर करत आलो. गेलो. दुकानात पोराचे डोळे एका सायकलीवर खिळले. लाल-काळी, पुढे स्प्रिंग, मधोमध आणखी एक जाडजूड स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क, दांड्यावर मोठ्या अक्षरांत नाव. दुकानदाराने किंमत सांगितली, सोळा हजार पाचशे. आम्ही बसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो, चहा प्यालो. चौदा हजार आठशेला ती सायकल घेतली. वर घंटी आणि कुलूप फुकट. पोरगा खूश. आम्ही त्याहून खूश.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी गंगापूर धरणाच्या मागच्या कच्च्या वाटेवर उताराला त्या सायकलीचे पुढचे चाक चिमट्यातून निसटले. पोरगा हँडलावरून पुढे फेकला गेला. गळ्याजवळचे हाड मोडले, वरचे दोन दात गेले. सहा आठवडे हात गळ्यात. कंत्राटी नोकरी म्हणजे हजेरी नाही तर पगार नाही. आणि सातव्या आठवड्यात फाटकावर गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा माणूस लागलेला होता.

इस्पितळात आम्ही त्याच्या उशाशी बसलो होतो. ओठ सुजलेले, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. तो म्हणाला, "अण्णा, करारावर सही करण्याआधी सगळा कागद वाचा, असं तुम्हीच आम्हाला सांगता. सायकलचं काहीच कसं बघितलं नाही आपण?"

'आपण' म्हणाला तो. 'तुम्ही' म्हणाला नाही. त्या एका शब्दाने आम्हाला चार रात्री झोप लागू दिली नाही. कारण खरे होते. आम्ही सतराशे रुपये कमी केले आणि त्या आनंदात चाक कशाने धरले आहे हे पाहिले नाही. युनियनच्या कामातही आमच्याकडून हे अनेकदा झाले आहे, मंडळी. पगारवाढीचा आकडा मिळवला आणि यंत्रावरची जाळी बसवून घ्यायची राहिली. आकडा दिसतो, जाळी दिसत नाही.

आम्ही रागारागाने दुकानात गेलो. ज्याने ती सायकल जोडली त्याला पुढे करा म्हणालो. एक पोरगाच पुढे आला. एकोणीस-वीस वर्षांचा, हात काळे, पाना हातात. दिवाळीच्या दिवसांत तो दिवसाला दहा-बारा सायकली जोडत होता, प्रत्येक नगामागे ठरलेले पैसे घेऊन. त्या चाकाला नटाऐवजी क्विक रिलीज होते, म्हणजे पाना न लावता चाक काढता यावे म्हणून बसवलेली तरफ. ती तरफ दुमडून घट्ट दाबायची असते. या पोराने ती चावीसारखी गोल फिरवून आवळली होती. त्याला ते कोणी शिकवलेच नव्हते. ज्याच्यावर ओरडायला गेलो तो आमच्याच पंगतीतला निघाला. राग गेला असे नाही. पण तो कोणावर काढावा हे मात्र कळेनासे झाले.

तेव्हा ठरवले की शिकायचे. सातपूरला एक म्हातारे मिस्त्री आहेत. पन्नास वर्षे चाकांचे आऊट काढत आले. त्यांच्या टपरीपुढे रविवारी सकाळी बसू लागलो. तो पोरगा, दुकानातला जोडारी पोरगा आणि आम्ही, तिघेही. जे तिथे शिकलो आणि जे पुस्तकांतून वाचले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम या सायकलीचे कूळ पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मॅरिन नावाचा परगणा आहे. तिथे माउंट टॅमलपाइस हा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली भंगारातून उचलीत आणि डोंगराच्या मातीच्या रस्त्याने सुसाट खाली येत. त्या सायकलींना मागे पेडल मारले की लागणारा ब्रेक असे. तो मागच्या हबच्या पोटात असतो. उतार इतका तीव्र की खाली येईस्तोवर हब तापून आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्याच भागातल्या अशा एका उतारावर पहिली शर्यत झाली आणि तिचे नाव पडले रिपॅक. पुढे १९७७ साली जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा बनवला; १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांनी बनवलेल्या सांगाड्यांवर धंदा उभारला; १९८१ साली स्टम्पजंपर नावाची सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली; आणि १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

यातून आम्ही एवढेच घेतले की ही सायकल मुळात दिखाऊ नव्हती. ती भंगारातून, हाताने दुरुस्त करणाऱ्या माणसांनी घडवली, आणि तिच्या पहिल्या शर्यतीचे नावसुद्धा दुरुस्तीवरून पडले. तेव्हा जी आपल्या गावात दुरुस्त होत नाही ती डोंगरी सायकल आपल्या कामाची नाही, हा पहिला नियम.

आता खरेदीकडे वळू. आम्ही कोणत्याही वाटाघाटीला जाण्यापूर्वी मागणीपत्र लिहितो. व्यवस्थापनाच्या खोलीत गेल्यावर काय मागावे याचा विचार करणारा पुढारी हमखास फसतो. दुकानाचेही तसेच आहे. घरी बसून कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहा. सायकल कुठे चालणार? कोण चालवणार? एकूण पैसे किती? मोडली तर नीट कोण करणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्या. आठवड्यातून सहा दिवस त्र्यंबक रोडच्या डांबरावरून कामावर जायचे आणि डोंगर फक्त मनात, असे असेल तर डोंगरी सायकल घेऊ नका. खाचदार टायर डांबरावर गुरगुरतो आणि पायातला जोर खातो. त्यापेक्षा अरुंद टायरची साधी किंवा गिअरची सायकल घ्या, सुखी व्हाल. पण रविवारी रामशेजच्या पायथ्याशी, अंजनेरीच्या बाजूला, कच्च्या वाटांनी जायचे असेल तर हीच सायकल हवी. मात्र वाट कोणाच्या शेतातून जात असेल तर विचारून जा, आणि पेरलेल्या रानात चाक घालू नका.

दुकानात गेल्यावर नावावर जाऊ नका. दांड्यावर 'माउंटन' लिहिले म्हणून सायकल डोंगराची होत नाही. डोंगरी सायकलीसारख्या दिसणाऱ्या काही स्वस्त सायकलींबरोबर जी पुस्तिका येते तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही सायकल खडकाळ वाटेवर किंवा उड्या मारण्यासाठी वापरू नये. आमच्या त्या पोराच्या सायकलीच्या पुस्तिकेतही ते वाक्य होते. आम्ही ते अपघातानंतर वाचले. तेव्हा पैसे देण्यापूर्वी पुस्तिका मागा आणि वाचा. दुकानदार हसेल, हसू द्या.

आता माप. पूर्वी बावीस आणि चोवीस इंच एवढीच भाषा होती. आता चाकाचे माप वेगळे आणि सांगाड्याचे वेगळे, आणि लोक घोटाळा करतात तो इथेच. चाके तीन मापांची मिळतात : २६, २७.५ आणि २९ इंच. मोठे चाक दगडावरून सहज गुंडाळत जाते, लहान चाक चटकन वळते. पहिल्या सायकलीला यांतले कोणतेही चालेल. महत्त्वाचे आहे ते सांगाड्याचे माप. सायकलीच्या वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, पावले जमिनीला पुरती टेकवून उभे राहा. दांडा आणि शरीर यांत दोन-तीन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. डोंगरात घाईने उतरावे लागते. ती जागा नसेल तर काय होते हे सांगायला नको. मग सीटवर बसा. पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, आणि हँडल धरताना खांदे ताणता कामा नयेत. 'पोरगा वाढेल, मोठी घ्या' हा सल्ला डोंगरी सायकलीच्या बाबतीत घातक आहे. आणि मुलींसाठी घेत असाल तर रंग पाहून नव्हे, हेच माप घेऊन घ्या.

यानंतर स्प्रिंगचा मोह. तरुणांना मधोमध स्प्रिंग असलेली सायकल आवडते. तिला डबल सस्पेंशन म्हणतात. चांगली डबल सस्पेंशन सायकल असते, नाही असे नाही. पण आजच्या भावाने ती लाखाच्या पुढे जाते. पंधरा हजारांत जी मिळते तिच्यात स्प्रिंग असते, पण स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची योजना नसते. मग चढावर पेडल मारले की सायकल बेडकासारखी वरखाली होते, जोर स्प्रिंगमध्ये जातो, चाकापर्यंत पोहोचत नाही. वर त्या लोखंडाचे ओझे आपणच चढावर न्यायचे. सांध्यांतले बुश झिजले की मागचे चाक डुलू लागते. मिस्त्री म्हणतात, "गरीबानं दोन स्प्रिंगा घेऊ नयेत, एकच चांगली घ्यावी." पुढे स्प्रिंग आणि मागे ताठ सांगाडा, हिला हार्डटेल म्हणतात. पहिली सायकल हार्डटेलच घ्या. फार तंगी असेल तर पुढेही स्प्रिंग नसलेली, ताठ चिमट्याची घ्या. मॅरिनच्या त्या तरुणांनाही स्प्रिंग नव्हती.

ब्रेकवर मात्र काटकसर करू नका. रिमला रबर घासून थांबणारा व्ही-ब्रेक साधा, स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारा; पण रिमला चिखल-पाणी लागले की त्याची पकड जाते. आपल्या पावसाळ्यात हा मोठाच दोष. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी असतो, तिथे चिखल कमी पोहोचतो. तोही दोन तऱ्हांचा : तारेने ओढला जाणारा आणि तेलाच्या दाबाने चालणारा. तेलाचा उत्तम, दोन बोटांनी लागतो. पण त्यातले तेल बदलणारा माणूस गावात आहे का ते आधी पाहा. नसेल तर तारेचा घ्या. आपल्याकडे बहुधा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. पण प्रत्येक सायकलीवर तो दाबून खात्री करा. उतारावर एकदम पुढचाच आवळला तर माणूस हँडलावरून जातो.

गिअरच्या आकड्यालाही भुलू नका. 'एकवीस गिअर' असे मोठ्याने सांगतात. पुढे तीन चक्रे, मागे सात. तीन साते एकवीस. पण हिशेब करून पाहा. पुढे ४२, ३४ व २४ दाते आणि मागे १४ पासून २८ पर्यंत दाते, ही एक नेहमीची जोडणी. पुढे ४२ आणि मागे २८ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दीड फेरे. पुढे २४ आणि मागे १६ म्हणजेही दीडच फेरे! एकवीस नावे आहेत, एकवीस वेगळ्या चाली नाहीत. चढासाठी पाहायचे ते एवढेच की सर्वांत हलकी जोडी किती हलकी आहे. पुढे २४ आणि मागे २८ असेल तर पेडलच्या पुऱ्या फेऱ्यात चाक पुरता एक फेराही फिरत नाही. तो चढ दम टिकवून चढता येतो. अलीकडे पुढे एकच चक्र आणि मागे आठ, नऊ, दहा चक्रे अशा सायकली येतात. आकडा लहान दिसतो, पण मागचे मोठे चक्र पुरेसे मोठे असेल तर काम तेच होते आणि बिघडायला भाग कमी.

मागच्या हबमध्ये आणखी एक गुपित आहे. ते दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. स्वस्त सायकलीत गिअरची चक्रे फ्रीव्हील म्हणून हबवर आटे देऊन बसवलेली असतात. त्यामुळे उजवीकडचे छर्रे खूप आत राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय राहतो. डोंगरात आदळआपट झाली की एक्सल वाकतो, कधी तुटतो. चांगल्या सायकलीत कॅसेट असते. तिच्यात छर्रे बाहेरच्या टोकाजवळ असतात आणि एक्सलला आधार मिळतो. तेव्हा विचारा : "फ्रीव्हील की कॅसेट?" या एका प्रश्नाने दुकानदार ओळखतो की हा माणूस तयारीने आला आहे.

भाग नेहमीच्या मापाचे असावेत, याला आणखी एक कारण आहे. कारखाने कायम राहत नाहीत. वरळीची हिंद सायकल आणि बंगालमधील सेन-रॅले यांचे १९८० साली कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले. आज त्या कंपन्या नाहीत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता, आणि कामगारांनी ती बातमी फाटकावर लावलेल्या कागदावर वाचली. कंपनी जाते, कामगार रस्त्यावर येतो, आणि ज्याच्या घरी तिची सायकल आहे त्याला सुटा भाग मिळत नाही. काळी सायकल मात्र आजही चालते, कारण तिचा प्रत्येक भाग कोणत्याही टपरीवर मिळतो. व्हॉल्व्हसारख्या लहान गोष्टीतसुद्धा हे पाहावे. मोटारसायकलच्या धर्तीचा व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

आता पैसे. जे काही हातात असेल ते सगळे सायकलीत घालू नका. दहा हजारांत पाच वेगळे काढा असे नाही. पण आठातला एक भाग बाजूला ठेवा. त्यात हेल्मेट, पंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि षटकोनी पान्यांचा जुडगा येतो. हेल्मेट आधी, कुलूप नंतर. आमच्या त्या पोराकडे फुकटचे कुलूप होते आणि हेल्मेट नव्हते. आजच्या भावाने बऱ्यापैकी हार्डटेल साधारण वीस ते तीस हजारांच्या दरम्यान मिळते. ही रक्कम कंत्राटी कामगाराला मोठी आहे हे आम्ही जाणतो. म्हणून जुनी घेण्यात कमीपणा मानू नका. पुष्कळ लोक हौसेने सायकल घेतात आणि ती बाल्कनीत कपडे वाळवायला वापरतात. अशी सायकल निम्म्या भावात मिळू शकते. फक्त सांगाड्याच्या जोडांवर तडा नाही ना, चाक फिरवल्यावर डुलत नाही ना, चिमटा वाकलेला नाही ना, हे मिस्त्रीला बरोबर नेऊन दाखवा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. नवी घेतली तर पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा 'बिल नको, स्वस्त पडेल' या बोलण्याला पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही. बिल नसेल तर सांगाड्याच्या हमीलाही अर्थ नाही.

सायकल ठरली, पैसे देण्याची वेळ आली. आता थांबा आणि पाच गोष्टी करा. पुढचे चाक जमिनीवरून उचला आणि वरून मुठीने ठोसा मारा. चाक हलता कामा नये. क्विक रिलीजची तरफ उघडून दुकानदाराकडून तुमच्यासमोर पुन्हा बंद करून घ्या. ती बंद होताना तळहाताला तिचा वळ उमटेल इतका जोर लागला पाहिजे. चिमटा उलटा बसवलेला नाही ना ते पाहा. पुढच्या डिस्कचा कॅलिपर बहुधा डाव्या पायाला, मागच्या अंगाला असतो. दोन्ही ब्रेक पुरे आवळा. मूठ हँडलला टेकली तर ब्रेक ढिला आहे. आणि रस्त्यावर एक फेरी मारून सगळे गिअर वरखाली करून पाहा. ज्या दुकानात फेरी मारू देत नाहीत त्या दुकानातून बाहेर पडा. पहिल्या महिन्यात तारा सैल होतात, आरे बसतात. तेव्हा एकदा परत आणून सगळे आवळून घ्या. हे त्या भावातच धरलेले आहे का, हे आधी ठरवा. घासाघीस करायचीच तर घंटी-कुलपासाठी करू नका, या दुसऱ्या तपासणीसाठी करा.

आणि शेवटची गोष्ट : एकट्याने जाऊ नका. एकट्या कामगाराचे मालकापुढे जे होते तेच एकट्या गिऱ्हाइकाचे दुकानात होते. पण बरोबर न्याल तो आमच्यासारखा भाव करणारा नको, पाहणारा न्या.

आमच्या त्या पोराला दुसरे काम मिळायला पाच महिने गेले. लाल-काळी सायकल त्याने सहा हजारांना विकायला काढली, तेव्हा आम्हीच त्याला थांबवले. ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालून उतारावर पाठवायची काय? शेवटी मिस्त्रींनी तिचे चाक नटांवर बसवून दिले, आणि आज ती एका गड्याकडे फक्त सपाट रस्त्यावर, कामावर जायला वापरात आहे. विकताना पोराने स्वतः गिऱ्हाइकाला पुस्तिकेतले ते बारीक अक्षरांतले वाक्य वाचून दाखवले आणि एक हजार कमी घेतले.

पुढच्या दिवाळीला आम्ही पाचजण दुकानात गेलो. दुकान तेच. मागणीपत्र कागदावर लिहिलेले होते. दोन तास लागले. हार्डटेल, तारेचे डिस्क ब्रेक, मागे कॅसेट. एक रुपयाही कमी झाला नाही, आणि आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. सायकल जोडली ती त्याच पोराने. त्याने तरफ बंद केली, तळहात उघडून आम्हाला वळ दाखवला. नगामागे पैसे अजून तेवढेच मिळतात त्याला. ते काम आमच्याकडे बाकी आहे, आणि ते आम्ही विसरलेलो नाही.

गेल्या थंडीत एका रविवारी आम्ही सहाजण रामशेजच्या पायथ्याला गेलो. पन्नाशी ओलांडल्यावर आम्हीही एक जुनी सायकल घेतली आहे, तिच्यावर. उतार आला तेव्हा तो पोरगा थांबला. खाली उतरला, पुढचे चाक उचलले, वरून मुठीने एक ठोसा मारला. मग आमच्या चाकालाही मारला. म्हणाला, "चला अण्णा." आणि आम्ही निघालो.